अकरा दिव्यांचं घर

६ फेब्रुवारी

भिंगरी,

फर्रर्र. असा आवाज होता तो. कोऱ्या पुस्तकाचा तसा होत नाही. हाताळून मऊ पडलेल्या कागदाचाच होतो. दुपारी मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेलो असायचो आणि पलंगाखालून तो यायचा. फर्रर्र. मग जरा शांतता. मग पुन्हा फर्रर्र. मला वाटायचं, खिडकीतून कबुतर शिरलं. वाकून पाहिलं तर तू. वय वर्षं नऊ, सुट्टीला आलेली, आणि हातात माझं कवितांचं जुनं क्रमिक पुस्तक. प्रत्येक उजव्या पानाच्या कोपऱ्यात तू पेन्सिलीने एक माणूस काढला होतास. छप्पन्न पानं, छप्पन्न माणसं. अंगठ्याखालून पानं सोडली की तो चालायला लागायचा, निसर्गकवितांच्या कडेकडेने, वीररस ओलांडून, थेट मलपृष्ठापर्यंत.

दुसरा कुणी पुस्तक खराब केलं म्हणून ओरडला असता. मी ओरडलो नाही. तो माणूस तीनदा चालवून पाहिला आणि म्हणालो, "डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढे येतोय. माणूस असा चालत नाही." झालं. तू खोडरबर घेऊन बसलीस ती दोन दिवस उठली नाहीस. सगळे हात खोडले, सगळे नवे काढले. सात ठिकाणी कागदाला भोक पडलं. तुझी आजी आतून म्हणाली होती, "चालतोय ना तो? मग चालू द्या की, मास्तर." मी म्हणालो, "चूक ती चूक."

आज सकाळपासून हेच का आठवतंय, कोण जाणे.

तुझा पत्ता तुझ्या आईने दिला, तोही "बाबा, तिने द्यायचा नाही म्हटलंय" असं चार वेळा म्हणून. फोटो स्टुडिओत नोकरी धरलीस असं कळलं. ओळखपत्राच्या फोटोंमागची भिंत पांढरी करायची, दिवसाला दोनशे चेहरे. चार वर्षं विद्यापीठात गेम डिझाइन आणि अॅनिमेशन शिकलेल्या मुलीने, पदवी हाताच्या अंतरावर असताना! असो. मी काही बोलत नाही.

तुझी खोली होती तशी आहे. पॅसेजमधल्या फरशीवरच्या खडूच्या रेघाही मी पुसू दिलेल्या नाहीत. आठवतं? पहिल्या वर्षी तुम्हाला माणसाच्या चालण्याचा अभ्यास होता. मला त्या रेघांवरून पंधरा वेळा चालवलंस, बाजूने मोबाइल धरून. "आजोबा, तुमचा उजवा गुडघा फार गुणी आहे. किंचित उशिरा येतो." माझ्या संधिवाताचं इतकं कौतुक डॉक्टरांनीही केलं नव्हतं. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, असं तू सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, म्हणजे हेही छंदातच आहे, यातही मात्रा मोजाव्या लागतात. तू हसलीस. तुझी आजी तेव्हा होती. खुर्चीत बसून दोघांकडे बघत होती. आपण कोण, हे त्या क्षणी तिला माहीत होतं की नव्हतं, सांगता येणार नाही, पण तीही हसली.

प्रदर्शनाच्या दिवशी झालं ते झालं. नंतर विभागाने तुमचा खेळ परीक्षेतून काढला, असं ऐकलं. विद्यापीठाचे नियम कडक असतात. त्याला कोण काय करणार?

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझा आजोबा


१७ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी पोस्टमन दोन घरं अलीकडे असतानाच मी दार उघडून उभा राहतो. काल तो म्हणाला, "मास्तर, तुमचं काही असलं की मी हाक मारीन ना. ही दारावरची ड्यूटी कशाला?"

मागच्या पत्रात मी लिहिलं की विभागाने खेळ काढला. ते उत्तर अर्धवट आहे. अर्धवट उत्तराला मी वर्गात अर्धा गुण द्यायचो. इथे तोही देता येत नाही. खेळ काढायला मी लावला.

तुमचा नियमच आहे. खेळात खऱ्या माणसाचा आवाज घ्यायचा तर त्या माणसाची लेखी संमती हवी, आणि ते माणूस हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाची. तू कागद पुढे केलास तेव्हा मी चष्माही न लावता सही केली होती. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी अंघोळ करून टेबलाशी बसलो, शाईचं पेन काढलं आणि माझ्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं: "माझ्या दिवंगत पत्नीच्या आवाजाच्या वापरास दिलेली संमती मी मागे घेत आहे." स्वतः नेऊन दिलं. एकही खाडाखोड नव्हती.

तुला हे ठाऊक असणार. विभागप्रमुख बाईंनी दाखवलं असेल. पण तुझ्या तोंडावर मी ते बोललो नाही. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी पेपर वाचत होतो. तोच पेपर, तीन दिवस.

आता प्रदर्शनाचं. नवा सदरा घालून आलो होतो मी. बाहेरचे परीक्षक येणार, नात पदवीचा खेळ मांडणार, मला तर सगळ्यांना गाठून सांगावंसं वाटत होतं. टाचणीला विचारलं, हे खेळतात कसं? (टाचणी हे नाव तूच ठेवलंस तिला, बारीक आणि टोचरी म्हणून. खेळाची चित्रं तुझी, त्यामागचं गणित तिचं, इतकं मला कळत होतं.) ती म्हणाली, "सोपंय, आजोबा. दोनच बटणं. 'सांगा' किंवा 'थांबा'."

पडद्यावर एक घर होतं. अकरा दिवे लागलेले, खिडकीत संध्याकाळ. खुर्चीत एक म्हातारी शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसलेली. ती वळली आणि म्हणाली, "आई येणार आहे संध्याकाळी मला न्यायला."

आवाज तिचा. तुझ्या आजीचा, जसाच्या तसा, 'न्यायला'वरचा तो लाडिक हेल धरून. दीड वर्षाने कानावर पडला. खाली दोन बटणं उजळली.

मी 'सांगा' दाबलं. दुसरं काही दाबायचं मला सुचलंच नाही. अक्षरं उमटली, "तुझी आई जाऊन एकेचाळीस वर्षं झाली." मग आधी तिची बोटं थांबली. शालीचं टोक सुटलं. हनुवटी खाली आली. डोळे सगळ्यात शेवटी. हे तू कुठून काढलंस ते विचारायची गरज नव्हती. तो चेहरा मी दोन वर्षं रोज समोरून पाहिला होता. तू दारातून पाहत असशील. घरातला एक दिवा विझला. जरा वेळ गेला, ती सगळं विसरली, पुन्हा वळली, पुन्हा तेच म्हणाली, आणि मी पुन्हा दाबलं.

अकरा वेळा. मागे रांग लागली होती. एक चिमुरडी तिच्या आईला म्हणाली, "हे आजोबा सारखं चुकीचंच का दाबतायत?" पडदा काळा झाला तेव्हा मी उठलो, आणि परीक्षकांसमोर तुला म्हणालो, "मेलेल्या आजीचा खेळ मांडलास? लाज नाही वाटली?"

तू खाली वाकून वायर काढलीस.

तिचं दुबळेपण चारचौघांत उघडं पडू नये, एवढीच माझी इच्छा होती. तिला ते आवडलं नसतं. हे तू समजून घे.

आजोबा


३ मार्च

भिंगरी,

सोबत एक कागद आहे. तो हरवू नकोस. आधी तो कसा मिळाला ते वाच.

काल मी तुमच्या विभागात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाला म्हणालो, मागे घेतलेली संमती मला परत द्यायची आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. "आजोबा, हे काय ग्रंथालयाचं पुस्तक आहे? नेलं, आणलं, पुन्हा नेलं?" मी म्हणालो, नियम असेल ना काहीतरी. त्याने कपाटातून एक फाइल काढली, धूळ माझ्याच दिशेने झटकली. नियम निघाला. नवा अर्ज. त्यावर विद्यार्थिनीची सही, त्याखाली नातेवाइकाची. आणि एकदा मागे घेतलेली असल्यामुळे नातेवाइकाने अर्ज समक्ष येऊन द्यायचा. "एकतीस मार्च, पाच वाजता खिडकी बंद. पाच वाजून एक मिनिटाला मीही घरी गेलेलो असतो," तो म्हणाला.

तो अर्ज म्हणजे हा कागद. माझी सही केली आहे. वरची जागा तुझी. सही करून उलट टपाली पाठव, पुढचं मी बघतो. अर्ज पोहोचला तर एप्रिलमध्ये तुमचा खेळ तपासतील आणि याच वर्षी पदवी मिळेल, असं बाई म्हणाल्या. नाही पोहोचला तर चौथं वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

बाईंनी आणखी एक सांगितलं. आजीचा आवाज काढून दुसऱ्या कुणाचा घाल, लगेच पास करते, असं त्यांनी तुला सुचवलं होतं. आणि तू म्हणालीस, "मग त्या घरात राहतं कोण?" एवढं बोलून निघून गेलीस.

बाहेर पडताना जिन्यात टाचणी भेटली. मी म्हटलं, "कशी आहेस, बाळ?"

"बाळ नका म्हणू मला. तुमच्या सुंदर अक्षराने माझंही वर्ष गेलं. माहीत होतं तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं, भिंगरी. तुझ्या गळ्याची शपथ. दोघींचा खेळ एक, म्हणून दोघींचे गुण एक, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चौतीस वर्षं मुलांचे गुण मांडले मी.

"मला वाटलं, फक्त तिचं..." मी म्हणालो.

"फक्त तिचं गेलं असतं तर चाललं असतं?"

मी कठड्याला धरून उभा राहिलो. ती चार पायऱ्या उतरली, थांबली, आणि वर न बघताच म्हणाली, "तुम्ही थांबून पाहिलं असतं ना एकदा तरी. एकदा. आम्ही सहा महिने घातलेत त्या 'थांबा'त."

मला तिथेच विचारायचं होतं की त्यात आहे तरी काय. पण ती गेली.

कागदाची वाट पाहतो.

आजोबा


१३ मार्च

भिंगरी,

टाचणीकडे जाऊन आलो. ती एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर खोली घेऊन राहते, हे तुला माहीत आहेच. तिने दार अर्धंच उघडलं.

"काय हवंय?"

"खेळ एकदा पाहायचाय."

"पाहायचा नसतो, खेळायचा असतो. आणि तुम्ही 'सांगा'च दाबणार. मला माहितीये."

"नाही दाबणार."

"दाबणार. माझे वडील पण असेच आहेत. हातच थांबत नाही तुमचा."

शेवटी आत घेतलं. एकुलती खुर्ची मला दिली, स्वतः गादीवर बसली, आणि माझा उजवा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला. "हा इथे. बटण मी दाबते." खाली दुकानात चाकाला हवा भरायचा आवाज येत होता. तिने खिडकी लावून घेतली.

घर. अकरा दिवे. ती वळली. "आई येणार आहे संध्याकाळी मला न्यायला."

टाचणीने 'थांबा' दाबलं.

काही झालं नाही. खिडकीतला उजेड बोटभर कमी झाला. माझा हात मांडीवरून उठायला लागला. टाचणी म्हणाली, "आजोबा." मी तो पुन्हा ठेवला. आवंढा गिळल्याचा आवाज आला, तुझ्या आजीचाच. आणि मग ती पुढे बोलली, भिंगरी. तिचं वाक्य संपलेलंच नव्हतं.

"आई येणार आहे संध्याकाळी मला न्यायला... तिला चहा टाकते. आणि सांगते, तू आलीस तशी जा, आई. मी नाही येत. इथे एक मास्तर आहेत. त्यांना साधं दूध तापवता येत नाही, उतू घालवतात. कविता म्हणत बसतात. मी गेले तर त्यांचं ऐकणार कोण?"

मग तुझा आवाज, लांबून, दबका. "कंटाळा नाही येत का गं आजी, कवितांचा?"

"येतो की! पण त्यांना सांगू नकोस हां."

आणि दोघींचं हसणं. कपडे अंगावर घेऊन हसल्यासारखं, कोंडलेलं. मला आठवलं. दुसऱ्या वर्षी तू तिला घेऊन कपड्यांच्या कपाटात बसायचीस, दार ओढून, मोबाइल घेऊन. कपड्यांत आवाज घुमत नाही, म्हणून. मी बाहेरून दार वाजवून म्हणायचो, "हा काय पोरखेळ लावलाय? ती आत गुदमरेल." तुम्ही दोघी आत गप्प व्हायचात.

दोन वर्षं ती रोज संध्याकाळी मला तेच सांगायला सुरुवात करायची, आणि मी रोज 'न्यायला' या शब्दावर तिला अडवायचो. मला वाटायचं, तिला इथून जायचंय. मास्तरचं घर सोडून आईकडे जायचंय. मी तारीख, वार, साल सांगून तिचा रस्ता बंद करायचो. खरं ते खरं, असं म्हणून. त्यात राग होता माझा, भिंगरी, सत्यप्रेम नव्हतं. इतकी वर्षं संसार करून बाईला माहेरच आठवावं, याचा राग.

वर्गात मी यती शिकवायचो. ओळीच्या मध्ये श्वास घ्यायची जागा. तिथे घाई करून शब्द मोडला की मी त्या मुलाला उभा करायचो, पुन्हा म्हणायला लावायचो. किती मुलांना उभं केलं असेन!

'थांबा' दाबत राहिलं की पुढे काय होतं, हे तुला सांगायला नको. चित्रं तुझीच आहेत. उजेड कमी होत जातो. ती काहीबाही बोलते, मध्येच गुणगुणते. तिची आई येत नाही. कुणीच येत नाही. ती ते विसरूनही जाते. दिवे मात्र सगळे लागलेले राहतात, आणि शेवटी तो म्हातारा, ज्याचे आपल्याला इतका वेळ फक्त हात दिसत असतात, तिच्या शेजारी येऊन बसतो. त्याचा उजवा गुडघा किंचित उशिरा वाकतो. जिंकलात असं कुठेच येत नाही.

मी रडत होतो की नव्हतो ते लिहीत नाही. टाचणीने पाणी दिलं. मी म्हटलं, "तू तिला फोन करून सांगशील? सही करून पाठव म्हणून?"

"नाही. तिने माझा फोन दोन महिने घेतलेला नाही, आणि मीही आता करणार नाही. तुम्ही बिघडवलंत, तुम्हीच निस्तरा. आणि पुन्हा इथे येऊ नका. मला पुढच्या वर्षाची तयारी करायचीय, दुसऱ्या खेळाची, एकटीची."

म्हणून मीच पुन्हा लिहितोय. मागे मी लिहिलं होतं की तिचं दुबळेपण लोकांत उघडं पडू नये म्हणून संमती काढून घेतली. ते खरं नव्हतं. दिवे माझ्या हाताने विझले आणि लोकांनी ते पाहिलं, म्हणून काढून घेतली. तू मला काही म्हणाली नव्हतीस. त्या खेळात मला वाईटही दाखवलं नव्हतंस. दोन बटणं ठेवली होतीस.

सही कर, बाळा. माझ्यासाठी नको. त्या दुसऱ्या मुलीसाठी कर.

आजोबा


२७ मार्च

भिंगरी,

आज पोस्टमन स्वतःच दारात थांबला. "मास्तर, नाही आलं," म्हणाला, आणि चूक त्याचीच असल्यासारखा पिशवीचा पट्टा चाचपत उभा राहिला. मी त्याला पाणी दिलं.

तुझ्या आईला फोन केला. ती म्हणते, पत्रं मिळतात एवढं तू तिला फोनवर सांगितलंस. वाचतेस का, तिला माहीत नाही. मी म्हटलं, तू सांग ना तिला. ती म्हणाली, "बाबा, लहानपणी मला कुणी कधी काही सांगायला शिल्लक ठेवलं होतं का या घरात? सगळं तुम्हीच सांगून टाकायचात. आता नका मला मध्ये घालू." मी फोन ठेवला. तिचंही एक वाक्य कुठेतरी माझ्यामुळे अडून राहिलंय, असं दिसतं.

काल मी एक गोष्ट केली, ती कबूल करतो. कारकुनाकडून दुसरा कोरा अर्ज आणला. तुझी सही माझ्या ओळखीची आहे. तुझं अक्षर वळवलं ते मीच. जुन्या वहीत पाहून मागच्या कोऱ्या बाजूला तीनदा गिरवली. तिसरी इतकी हुबेहूब आली की तू स्वतः फसली असतीस. मग मी तो अर्ज फाडला. तुझ्या वाटचंही मीच बोलून टाकायला निघालो होतो, पुन्हा.

आणखी एक राहिलंय. हे तुझ्या आईलाही माहीत नाही. दवाखान्यातली शेवटची संध्याकाळ. तू वर्गातून यायची होतीस, मी एकटाच होतो. ती बराच वेळ डोळे मिटून होती. मग तिने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आई येणार आहे..." एवढंच. नर्स बाजूला सलाइन बदलत होती. तिने मला हातानेच खूण करून सुचवलं, असू द्या, असू द्या. आणि मी म्हणालो, "नाही गं. ती केव्हाच गेली." सवयीने. आवाज चढवला नाही, रागही नव्हता त्या दिवशी, नुसतं सवयीने. तिने तोंड भिंतीकडे केलं. तू आलीस तेव्हा ती तशीच होती. तुला वाटलं झोपलीय. पहाटे गेली.

माझ्याकडून तिने ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. तुझा खेळ होईपर्यंत मी त्याचा विचारही टाळत होतो. मला वाटायचं, मी बरोबर होतो. आणि बायको गेली ती माझी, म्हणजे सहानुभूतीही मलाच मिळायला हवी.

चार दिवस उरले आहेत. टपालाला तिकडून तीन लागतात.

आजोबा


३१ मार्च, दुपार

भिंगरी,

हे पत्र मी टाकीन की नाही, ठाऊक नाही. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय. पोस्टमन येऊन गेला. आज तो हाक मारायलाही थांबला नाही, खालूनच हात हलवला. सव्वातीन झालेत. पाच वाजता त्या माणसाची खिडकी बंद होईल. तो छत्री घेऊन बाहेर पडेल आणि तुझं एक वर्ष, टाचणीचं एक वर्ष, त्याच्यामागे आपोआप कुलूपबंद होईल.

मी तयार होऊन बसलोय मात्र. सदरा घातलाय, चष्मा खिशात आहे, पेनात शाई भरली आहे. वेडेपणाच आहे. कागद नाही आणि शाई भरून काय करायचं?

तू रागावलीस हे योग्य केलंस, असं मला म्हणायचं होतं. तेही म्हणत नाही. योग्य-अयोग्य लावत बसण्यातच माझं आयुष्य गेलं. मला एवढंच सांगायचंय की ती कपाटातली हसायची फीत तुझ्याकडे असेल तर ती जपून ठेव. खेळ राहो न राहो. आणि मला पाठवू नकोस. मी मागत नाही. ते तुम्हा दोघींचं होतं.

आज सकाळी दूध उतू गेलं. मी

घंटा वाजली. मध्येच उठलो.

भिंगरी, पुढच्या ओळी उभ्यानेच लिहितोय, अक्षर सांभाळून घे. दारात टाचणी उभी आहे. तीन जिने पळत चढल्यामुळे तिला बोलवत नाही. आत ये म्हटलं तर मान हलवते. तिच्या हातात तो कागद आहे. चार घड्या घातलेला, घामाने ओला. माझ्या सहीच्या वर तुझी सही आहे.

मी विचारलं, "टपालाने आला?"

"नाही. घेऊन आली होती."

"कुठे? कुठे आहे ती?"

"बस स्थानकावर. मला तिथे बोलावलं, हा दिला, आणि आली त्याच बसने परत गेली. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी."

मी जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. उगाच. खाली टाचणीची सायकल आडवी पडली होती, बाकी रस्ता रिकामा.

"मग इथवर नाही आली?"

"नाही, आजोबा."

"काही म्हणाली?"

टाचणी पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे नीट बघते आहे. काहीतरी ओठांवर आलंय तिच्या, आणि मी तिला घाई केलेली नाही. ती म्हणते, "म्हणाली, तू स्वतः जा, त्यांना सोबत ने. एकटे गेले तर पाचच्या आत पोहोचायचे नाहीत." मग घड्याळ बघते आणि दाराच्या आत एक पाऊल टाकून कोपऱ्यातल्या माझ्या चपला पायाने माझ्याकडे सरकवते. "पत्र राहू द्या आता. चला."